सहा मिलिमीटर जाडीचा सुरा कशासाठी?

पत्राचा सारांश: पत्रलेखक मूळचे नाशिकचे, वय पस्तिशीच्या आसपास, नोकरीनिमित्त काही वर्षांपासून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतात. कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्यांना येत्या नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला सोबत येण्याचे आमंत्रण दिले आहे. शिकार तेथे कायदेशीर आहे, घरी मांसाहार चालतो, त्यामुळे जाण्याविषयी त्यांच्या मनात किंतु नाही. डिसेंबरमध्ये ते सुट्टीवर येणार असून जुन्या मित्रांबरोबर रतनगड ते हरिश्चंद्रगड असा ट्रेक ठरला आहे. या दोन्हींसाठी ‘आयुष्यभर पुरेल असा एकच दणकट सुरा’ घ्यावा असे त्यांना वाटते. सात इंची पाते, सहा मिलिमीटर जाडी, फुल टँग (पात्याचे पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेले) आणि अर्धा किलो वजन असा एक सुरा त्यांनी निवडूनही ठेवला आहे. लाकूड फोडता यावे, हाड तोडता यावे आणि वेळ पडली तर जनावरापासून बचाव करता यावा, एवढी त्यांची अपेक्षा. पत्नीला हा खर्च आणि हे हत्यार दोन्ही अनावश्यक वाटते. त्यातच संगमेश्वर तालुक्यातील मामांनी रानडुकरांच्या उपद्रवाला कंटाळून ‘येताना माझ्यासाठीही शिकारीचा एक चांगला सुरा आण’ असा निरोप धाडला आहे. कोणता सुरा घ्यावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

स. न.

तुमच्या पत्रात सुऱ्याची मापे फार बारकाईने दिलेली आहेत. पाते किती इंच, पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, किती मिलिमीटर, वजन किती, सगळे आहे. त्या सुऱ्याने करायची कामे मात्र तुम्ही एका वाक्यात उरकली आहेत, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. लाकूड फोडणे, हाड तोडणे आणि जनावरापासून बचाव करणे ही तीन कामे तुम्ही गृहीत धरली आहेत. त्यांपैकी कोणती कामे तुमच्यावर खरोखर येणार आहेत हे आधी पाहू. ते पाहून झाल्यावर सुरा आपोआप बराच लहान होईल, अशी माझी अटकळ आहे.

नोव्हेंबरपासून सुरुवात करू. मिनेसोटात बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो, आणि तेथील जनावर म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. चांगला वाढलेला नर सत्तर-ऐंशी किलो भरतो, मादी त्याहून हलकी असते. गोळी लागून जनावर पडल्यावरच सुऱ्याचे काम सुरू होते, आणि ते काम फार नाजूक आहे. जनावर उताणे करून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी कातडीला एक लहान चीर द्यावी लागते. त्या चिरेत डाव्या हाताची दोन बोटे घालून कातडी आणि पोटाचा पडदा वर उचलून धरायचा, आणि दोन बोटांच्या मधोमध, धार आकाशाकडे ठेवून, सुरा मागच्या पायांच्या दिशेने सरकवत न्यायचा. टोक अर्धा इंच जरी खाली गेले तरी कोठा किंवा आतडे फुटते आणि आतली घाण मांसाला लागते. पुढे आतड्याचा शेवटचा भाग कमरेच्या हाडाच्या कडीतून सोडवायचा असतो, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेकडेने कापायचा असतो, आणि शेवटी छातीच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका, जी डोळ्यांना दिसत नाही, केवळ स्पर्शाने शोधून कापायची असते. हे सारे होईपर्यंत हात रक्ताने निसरडे झालेले असतात आणि थंडीने बोटांची जाणीवही कमी झालेली असते. अशा वेळी हातात सात इंचांचे पाते आहे असे कल्पून पाहा. अंधाऱ्या पोकळीत तुमच्या तर्जनीपुढे पाच-सहा इंच पोलाद असेल, त्याचे टोक नेमके कुठे आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि तुमचा दुसरा हातही त्याच पोकळीत असेल.

म्हणूनच ज्यांच्या हाताखालून अनेक हरणे गेली आहेत असे शिकारी साडेतीन ते चार इंचांच्या पात्यावर स्थिरावलेले दिसतात. टोकाच्या आकारातही त्यांची पसंती सहसा ‘ड्रॉप पॉइंट’ला असते. यात पाठीची रेषा हळूहळू खाली उतरत टोकाला मिळते, त्यामुळे टोक थोडे खालच्या पातळीवर येते आणि पोट उघडताना आत रुतण्याची भीती कमी होते. बॉब लव्हलेस या अमेरिकी सुरे घडवणाऱ्या कारागिराने शिकारीच्या सुऱ्यांत हा आकार लोकप्रिय केला. याउलट पाठीला खाच देऊन टोक अणकुचीदार केलेला ‘क्लिप पॉइंट’ आकार भोसकायला सोयीचा असतो. सहा इंची पात्याचा बक ११९ हा त्याचा प्रसिद्ध नमुना असून अमेरिकेत कित्येक दशके तो शिकाऱ्यांच्या कमरेला आहे, तेव्हा त्याने काम होत नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. पण तुमचे हे पहिले हरीण असेल, आणि नवख्या हाताला क्षमा करणारे टोक द्यावे, असे माझे मत आहे. पाठीवर आकडा असलेला ‘गट हुक’ प्रकार तुम्हाला दुकानात हमखास दाखवला जाईल. तो कातडी उघडायला सोपा जातो, पण त्याला धार लावणे जिकिरीचे असते आणि आकड्यात केस व चरबी अडकून राहते. दोन बोटांची पद्धत एकदा जमली की त्याची गरज उरत नाही.

आता हाडाचे. हरणाचे तुकडे करण्यासाठी हाड तोडावे लागते हा समज खाटकाच्या दुकानातील सत्तूर पाहून झालेला असतो. शिकारी हाड तोडत नाही, तो सांधा शोधतो. पुढचा पाय तर हाडाला जोडलेलाच नसतो. बरगड्या आणि खांदा यांच्यामधले स्नायू कापत गेले की तो अखंड हातात येतो. मागच्या पायाचा खुब्याचा सांधा वाकवून उघडला की त्याच्या आतली शीर टोकाने कापता येते. शिवाय अमेरिकेतील अनेक राज्यांत, आणि त्यांत मिनेसोटाही आहे, हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा असाध्य रोग पसरलेला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी सावधगिरी म्हणून तेथील आरोग्य आणि वन्यजीव खाती सांगतात की हातमोजे घालावेत, मेंदू व मज्जारज्जू यांत पाते घालू नये आणि शक्यतो हाडे न कापता मांस हाडावरून सोडवून घ्यावे. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही सहा मिलिमीटरची पाठ मागत आहात, ते काम टाळण्याचाच सल्ला तेथे दिला जातो.

जाडीचा तोटा समजून घ्यायला हरणाची गरज नाही. घरातला एखादा जाड पाठीचा सुरा घ्या, बाजारातून मोठे रताळे आणा आणि चकत्या करून पाहा. धार कितीही तीक्ष्ण असली तरी पाते अर्ध्यावर गेले की ‘कट्’ असा आवाज होऊन रताळे पुढे आपोआप उकलते, आणि चकती एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला पातळ निघते. जाड पाते पाचरीचे काम करते. ते कापायचे थांबते आणि दोन्ही बाजू ढकलू लागते. लाकूड फोडायला हा गुण हवाच असतो, परंतु कातडी आणि मांस यांच्यामधला पांढरा पापुद्रा सोडवताना तोच आडवा येतो. अडीच ते साडेतीन मिलिमीटरची पाठ आणि तिथून धारेपर्यंत सरळ उतरत आलेल्या बाजू, ही शिकारीच्या सुऱ्याची खरी कमाई. पाठ किती जाड आहे यापेक्षा धारेच्या लगेच मागे पाते किती पातळ आहे हे विक्रेत्याला विचारा. जाहिरातीत हा आकडा क्वचितच दिलेला असतो, म्हणून शक्य असेल तर सुरा प्रत्यक्ष हातात घेऊनच पाहावा.

लाकूड फोडण्याबाबत मात्र तुमचे म्हणणे सरसकट खोडून काढण्यासारखे नाही. पाठीवर दांडक्याने ठोकून ओंडका चिरण्याला तिकडे ‘बॅटनिंग’ म्हणतात, आणि त्याचा खरा उपयोग पावसाळी हवेत होतो. बाहेरून भिजलेल्या लाकडाचा गाभा कोरडा असतो. तो उघडला की शेकोटी पेटते. मिनेसोटाच्या उत्तरेला बाउंडरी वॉटर्सच्या तळ्यांमध्ये चार-सहा दिवस नावेने फिरण्याचा तुमचा बेत असता तर मी तुम्हाला जाड सुऱ्यापासून परावृत्त केले नसते, जरी तेथेही घडीची करवत आणि लहान कुऱ्हाड ही जोडी कमी श्रमात जास्त काम करते. पण तुम्ही जाणार आहात सहकाऱ्याच्या रानात, आणि संध्याकाळी परत येणार आहात गरम घरात. तेथे ओंडके कोणी फोडायचे असतील तर त्याच्या अंगणात कुऱ्हाड असेलच.

ज्या वाचकांना खरोखर असा दणकट सुरा हवा आहे, जे थंड आणि ओल्या प्रदेशात मुक्कामी फिरतात किंवा ज्यांच्याजवळ कुऱ्हाड नेण्याइतकी जागा नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाते पाच इंचांच्या आसपास आणि पाठ चार ते पाच मिलिमीटर असावी. सहा मिलिमीटरच्या पुढे जाण्याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. का-बार बेकर बीके-२ या नावाजलेल्या सुऱ्याची पाठ पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून किंचित अधिक असते आणि वजन जवळपास साडेचारशे ग्रॅम भरते. तो मोडत नाही हे खरे, पण दिवसभर कमरेला वागवल्यावर बरेच जण तो पिशवीत टाकतात, आणि पिशवीच्या तळाशी गेलेला सुरा हाताशी लागत नाही. ठोकाठोकीच्या सुऱ्याला पोलादाचा चिवटपणा लागतो. म्हणून १०९५ सारखे साधे कार्बन पोलाद किंवा स्प्रिंगचे पोलाद, आणि तेही फार कडक न केलेले, अशा कामाला बरे. फार कडक केलेली धार लाकडाच्या गाठीवर आपटली की तिचे टवके उडतात.

पोलादाच्या बाबतीत एकूणच नावांच्या मागे फार धावू नये. हौशी मंडळींच्या गप्पांत पोलादाचे क्रमांक गोत्राप्रमाणे सांगितले जातात, पण पात्याचा स्वभाव ठरवण्यात पाणी देण्याचा, म्हणजे तापवून विझवण्याचा आणि पुन्हा बेताने तापवून मऊ करण्याचा वाटा क्रमांकाइतकाच मोठा असतो. तुमच्या कामाला मी न गंजणारे पोलाद सुचवीन, कारण रक्तात मीठ आणि पाणी दोन्ही असते, आणि शिकारीनंतर दमलेला माणूस सुरा लगेच धुतोच असे नाही. ४२० एचसी हे साधे, स्वस्त आणि पटकन धार घेणारे आहे. १४सी२८एन हे त्याहून जास्त वेळ धार धरते आणि घरच्या दगडावरही सहज धारदार होते. एस३०व्ही आणि त्याच्या वरची पोलादे धार खूप काळ टिकवतात, परंतु ती बोथट झाल्यावर साध्या दगडाला दाद देत नाहीत आणि हिऱ्याचा थर असलेली पट्टी घ्यावी लागते. डी२ या पोलादात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे १२ टक्के असले तरी ते पोलाद कोकणच्या हवेत गंज धरते, हे समुद्राकाठच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. रॉकवेल मोजमापात ५७ ते ६० च्या दरम्यानचा कडकपणा शिकारीच्या लहान सुऱ्याला योग्य होय.

तुमचा आग्रह फुल टँगचा आहे, म्हणजे पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीत गेलेले असावे असा. ठोकाठोकी करायची असेल तर हा आग्रह रास्त आहे. केवळ कापायचे असेल तर त्याला इतके महत्त्व देऊ नये. फिनलंडच्या पुक्को सुऱ्यात पात्याची निमुळती शेपटी लाकडी मुठीत गेलेली असते आणि तेथील शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तोच वापरत आल्या आहेत. वर उल्लेख केलेला बक ११९ देखील फुल टँग नाही. उलट, उणे दहा अंशांत उघड्या पोलादाच्या कडा असलेली मूठ हातमोजा काढल्यावर तळव्याला चटका देते. मुठीसाठी रबर किंवा खरबरीत प्लास्टिक घ्या, चकाकणारे लाकूड किंवा शिंग दिसायला कितीही देखणे असले तरी पहिल्या सुऱ्याला नको. बोटे धारेवर घसरू नयेत म्हणून पुढे थोडा उंचवटा हवा. आणि मूठ बिनदिक्कत नारिंगी रंगाची घ्या. वाळलेल्या पानांच्या थरावर काळ्या किंवा हिरव्या मुठीचा सुरा खाली ठेवला की संधिप्रकाशात तो सापडत नाही, हे प्रत्येक जुना शिकारी तुम्हाला सांगेल.

म्यानाविषयी लोक फार कमी विचार करतात. चामड्याचे म्यान देखणे असते, पण ते ओल धरून ठेवते; सुरा त्यात कायमचा ठेवला तर पाते आतल्या आत डागाळते. रक्त लागलेले पाते चामड्यात घातले तर ते म्यान पुन्हा कधी पुरते स्वच्छ होत नाही. प्लास्टिकचे किंवा कायडेक्स या कडक प्लास्टिकच्या पत्र्याचे, तळाला पाणी निथळायला भोक असलेले म्यान घ्या, आणि ते उलटे धरून जोरात हलवले तरी सुरा निसटत नाही ना, हे दुकानातच पाहा.

एवढे सगळे जमेला धरले तर तुमच्यासाठी उत्तर असे निघते: चार इंचांच्या आतबाहेरचे पाते, सुमारे तीन मिलिमीटर पाठ, न गंजणारे पोलाद, रबरी मूठ. स्वीडनच्या मोराक्निव्हचा गारबर्ग हा सुरा या वर्णनाच्या बराच जवळ जातो. त्याचे पाते १०९ मिलिमीटर, पाठ ३.२ मिलिमीटर असून तो फुल टँग आहे, म्हणजे तुमचाही हट्ट पुरतो आणि एखादे मनगटाएवढे लाकूडही चिरता येते. त्याच कंपनीचे साधे सुरे त्याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतात आणि पहिल्या हंगामाला तेवढेही पुरे आहेत. इतर कंपन्यांचेही याच मापाचे उत्तम सुरे आहेत. मी माप सांगत आहे, छाप नव्हे. तुमच्या पत्नीचा आक्षेप या हिशेबाने अर्धा बरोबर ठरतो. सुरा अनावश्यक नाही, पण तुम्ही निवडलेला सुरा अनावश्यक आहे. वाचलेल्या पैशांतून धार लावायचा हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) एक दगड आणि जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा जवळ करा, आणि नोव्हेंबरपूर्वी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून हात बसवा. दोन्ही बाजूंनी सुमारे वीस अंशांचा कोन धरायचा, एका बाजूने घासत राहायचे ते दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखर बोटाला जाणवेपर्यंत, मग बाजू बदलायची, आणि शेवटी ती खरखर चामड्यावर उतरवायची. कापताना पाते मांडीच्या दिशेने कधीही ओढू नका. मांडीच्या आतल्या अंगाला मोठी रक्तवाहिनी असते आणि रानात दवाखाना जवळ नसतो.

थोडे विषयांतर, पण आवश्यक. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकार परवान्यासाठी सर्वसाधारणपणे बंदूक-सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते. आणि तुम्ही एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असलेल्यांना त्यातून सूट मिळते. सहकारी जन्माने अमेरिकी असल्यास हा मुद्दा त्याला माहीत नसण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा सुऱ्याआधी हा कागद पाहा.

डिसेंबरच्या ट्रेकबद्दल माझे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. रतनगडापासून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडापर्यंतची वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, जाळे, फासे यांच्याबरोबर सुऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधीचे कलम ३० आग लावण्याविषयीचे आहे. म्हणजे जेथे सुरा नेण्यालाच हरकत आहे, तेथे त्या सुऱ्याने लाकूड फोडून शेकोटी करण्याचा बेत दुहेरी अडचणीचा ठरतो. ‘माझे पाते नऊ इंचांहून कमी आहे, मग परवाना कशाला?’ असा युक्तिवाद ट्रेकर मंडळींत वारंवार ऐकू येतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचे, घरगुती वा शेतीच्या कामाचे नसलेले सुरे तलवार-खंजिरांच्या रांगेत बसवले आहेत हे खरे. परंतु त्या मर्यादेत बसलेला सुरा अभयारण्यात चालतो असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत सुऱ्यांची नावे असतात. गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांमुळे पोलिसांचा या बाबतीतला संयम कमी झाला आहे, आणि ट्रेकच्या पिशवीतील अर्ध्या किलोच्या सुऱ्याचे स्पष्टीकरण रात्री नाकाबंदीवर देत बसणे कोणालाच सुखाचे नाही.

बचावाचा मुद्दाही इथेच निकालात काढू. बिबट्या तुमच्या हाताच्या टप्प्यात आला असेल तर सुरा म्यानातून काढण्याची उसंत मिळणार नाही. आणि तो टप्प्यात येण्याचा संभव घसरड्या कातळावरून पाय सुटण्याच्या संभवापेक्षा फार कमी आहे. सह्याद्रीत माणसे दगावतात ती तोल जाऊन, पाण्यावाचून आणि आग्या मोहोळ उठल्याने. यांपैकी एकाही ठिकाणी पात्याचा उपयोग होत नाही. दोर, दोन लिटर जास्तीचे पाणी आणि विजेरी यांचे वजन तुमच्या सुऱ्याएवढ्या कौतुकाने मोजा. कांदे-बटाटे चिरण्याची सोय म्हणाल, तर रतनवाडीत आणि पाचनईत आधी सांगून ठेवले की घरगुती जेवण मिळते, आणि त्यात चार पैसे गावात राहतात.

त्या गावांतून जाताना वाटाड्याच्या कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता मात्र जरूर पाहा. सह्याद्रीतले दणकट पाते म्हणतात ते हेच. गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेले, पुढे वजन ठेवून थोडे आत वळवलेले. वजनानेच वार पडत असल्याने मनगट दुखत नाही आणि वळलेल्या टोकामुळे झुडूप निसटत नाही. परदेशी कंपन्या ‘हेवी ड्यूटी’ म्हणून जे पोलाद मिरवतात त्याच जातीचे हे पोलाद आहे. करवंदीची जाळी साफ करणे, कारवी तोडणे, जळण फोडणे ही कामे त्याच्यासमोर तुमचा सात इंची सुरा करू शकणार नाही. अर्थात, तो कोयता वाटाड्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुम्ही हौसेने विकत घेऊन कमरेला लावावा, असे मी सुचवत नाही.

दोन देशांसाठी एकच सुरा हा हट्ट त्यामुळे सोडून द्यावा लागेल. नोव्हेंबरचा सुरा मिनेसोटातच, घरातल्या कुलूपबंद खणात राहू द्या. विमानात असला सुरा हातातल्या पिशवीत चालत नाही, तो तपासून सोपवण्याच्या सामानातच जातो. आणि उतरल्यावर करायचे काय, हा प्रश्न उरतोच.

राहता राहिले मामा. त्यांचा त्रास खरा आहे. एका रात्रीत डुकरांचा कळप भाताचे शेत कसे लोळवून टाकतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण रानडुक्कर हा संरक्षित प्राणी आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ मधील शिकारबंदी त्यालाही लागू आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली वनखाते लेखी परवानगी देऊ शकते, पण त्यासाठी रीतसर अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जावा लागतो, आणि परवानगीशिवाय सुऱ्याने, फाशाने किंवा कुत्रे घालून डुक्कर मारले तर मामा आरोपी होतील. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी जखमी डुकरासमोर सुरा घेऊन उभे राहणे म्हणजे त्याच्या सुळ्यांच्या उंचीवर स्वतःची मांडी नेणे होय. त्यांना फोन करून सांगा की पुढच्या वेळी नुकसान दिसताच, शेत आवरण्याआधी, फोटो काढून वनरक्षकाला त्याच दिवशी कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा; भरपाई पंचनाम्यावर ठरते आणि उशीर झाला की ती हातची जाते. तुम्हाला त्यांच्यासाठी काही आणायचेच असेल तर हिऱ्याचा थर असलेली धार लावायची पट्टी आणा, एका बाजूला चारशे आणि दुसऱ्या बाजूला हजार ग्रिटची. ती वजनाला नगण्य असते, तिच्यावर कोणी आक्षेप घेत नाही, आणि घरातला कोयता, विळी, माडावरची कोयती या सगळ्यांना ती उपयोगी पडेल.